शेरा : तंबाखूचा वास

आधीच सांगते, मी त्या वाचनालयात वाचायला गेले नव्हते. भांडायला गेले होते.

भवानी पेठेतलं सार्वजनिक वाचनालय. खाली वर्तमानपत्रं, वर पुस्तकं, मधे बावीस पायऱ्या. वर अभ्यासासाठी दोन लांब टेबलं आणि दोन्ही टेबलांवर मुलगे. पोलीस भरतीचे, तलाठ्याचे, आणखी कशाकशाचे. मुलींनी बसायचं खिडकीच्या कट्ट्यावर, वही मांडीवर घेऊन. मी केम गावची. बारावीनंतर सोलापुरात आले, कॉलेज केलं आणि कॉलेजपेक्षा जास्त पत्रकं वाटली. एसटीच्या पासवर, वसतिगृहातल्या जेवणावर, नळाच्या पाण्यावर. वर ठळक अक्षरात प्रश्न, खाली क्रमांक घालून मागण्या. त्याच साच्यातलं एक पत्रक काढलं, ‘सार्वजनिक म्हणजे नक्की कुणाचं?’, आणि सरळ जाऊन वाचनालयाच्याच फळ्यावर चिकटवलं.

आतून ग्रंथपाल मॅडम आल्या. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा गळ्यात दोरीला, बोटांना खळ लागलेली. पत्रक पुढून-मागून पूर्ण वाचलं. मग काढलं, आत नेलं, त्यावर आवक शिक्का मारला, वहीत नोंद केली आणि परत आणून होतं तिथेच लावलं.

“दाखल करून घेतलंय,” त्या म्हणाल्या. “आता मागणी क्रमांक एक. मुलींसाठी स्वतंत्र टेबल. कुठे ठेवू?”

“ते तुम्ही बघायचं.”

“मी बघतेच आहे की गं. तूही बघ. रोज दोन तास येत जा, महिनाभर. मग दुसरं पत्रक काढ. मीच चिकटवून देईन.”

नाही म्हणाले असते तर हरल्यासारखं झालं असतं. म्हणून गेले.

वाचन संस्कृती लोप पावत चालली आहे असं व्यासपीठावरून सांगणाऱ्या सगळ्यांना माझं जाहीर आमंत्रण आहे. सकाळी पावणेआठला या. दार उघडायच्या आधी सात-आठ म्हातारे उभे असतात, त्यातले दोघं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत, पण रांगेत शेजारी असतात. आत हे सगळं चालवायला माणसं किती? दोन. ग्रंथपाल मॅडम आणि शिपाई मामा. झाडणं, पुसणं, पेपर लावणं, पुस्तकं देणं-घेणं, फाटलेली शिवणं, वाळवी बघणं, निवृत्त मास्तरांचं ऐकणं, शाळेच्या पोरांना ओरडणं, सगळं दोघांत. पुस्तकांच्या फाटलेल्या पाठी ते टॉवेलच्या काठाच्या चिंधीने बांधायचे, कारखान्यातून ती फुकट मिळायची. खळीत मोरचूद घालायचे, किडा लागू नये म्हणून. मानधन मी विचारलं आणि मला राग आला. तो आकडा इथे लिहीत नाही, लिहिला तर हे पत्रक होईल.

मामा सांगोल्याकडचे. घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. तिकडे पाणी नाही म्हणून तरुणपणी इकडे आले ते इथेच राहिले. बोलायचे कमी, पण बोलले की ऐकण्यासारखं.

“मामा, खेळाचं पान कुठंय?” एक आण्णा रोज ओरडायचे.

“तुमच्याच बुडाखाली हाय की, आण्णा.”

आणि असायचंच.

चार-पाच दिवसांत मला कळलं की टेबल ठेवायला खरंच जागा नाही. सगळीकडे कपाटं. मग मी मॅडमना म्हटलं, जे कुणी वाचत नाही ते काढा. त्याला निर्लेखन म्हणतात हेही त्यांनीच शिकवलं. यादी करायची, प्रत्येक पुस्तकापुढे शेरा लिहायचा, ग्रंथपालांची सही, समितीची मंजुरी, मग पुस्तक रद्दीत. मी म्हटलं, यादी मी करते. मॅडमनी वही माझ्या हातात दिली.

माझा नियम सोपा होता. देवघेवीच्या वहीत गेल्या दहा वर्षांत ज्याची नोंद नाही ते बाहेर. कुणाची मर्जी नाही, कुणाची शिफारस नाही. नोंद दाखवा आणि पुस्तक वाचवा. मला तेव्हा याचा अभिमान वाटायचा.

आणि मग ते कोपऱ्यातलं कपाट. तेलुगू. गिरण्या चालू होत्या तेव्हा पेठेतले विणकर सभासद होते, त्यांच्यासाठी घेतलेली पुस्तकं. दीडशेच्या वर असतील. वही उलटून पालटून बघितली. दहा वर्षांत नोंद एक नाही. मला तेलुगू येत नाही, तरी मी एकेक पुस्तक उघडून बघितलं, उगाच अन्याय नको म्हणून. मागच्या तारखेच्या चिठ्ठ्यांवर जुन्या तारखा, नवी एकही नाही. पानांना तंबाखूचा उग्र वास. शिवणीत वाळक्या पानाचे तुकडे, बारीक पिवळट भुगा. आणि एक्कावन्नाव्या पानावर डाग. हे पान आमच्या वाचनालयाचं गुप्त पान. प्रत्येक पुस्तकाच्या त्याच पानावर, कोपऱ्यात, आमचा शिक्का असतो, म्हणजे कुणी पहिलं पान फाडून पुस्तक ढापलं तरी ओळखता येतं. त्या शिक्क्याशेजारी तांबूस ठिपके. कुठे तीन, कुठे सात. मला वाटलं, ओल.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : तंबाखूचा वास. डाग. खराब. पुढे सगळ्यांना ‘वरीलप्रमाणे’.

मामा शेजारी उभे होते. “ताई, ते कपाट ऱ्हाऊ द्या की.”

“का मामा?”

मामांनी कपाटाला हात लावला. “जड हाय लई.”

“मी उचलू लागते,” मी म्हटलं आणि हसले. आता ते हसणं आठवतं.

मॅडमनी यादी वाचली. पेन टेकवलं, उचललं. “नक्की ना?”

“मॅडम, एक नोंद दाखवा. एक. मी यादी फाडते.”

त्यांनी सही केली. समितीने महिन्याच्या बैठकीत मंजूर केली. समितीत तिघं मुख्य. अध्यक्ष, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक टॉवेल कारखानदार, जे स्वतः तेलुगू घरातले. तेच सगळ्यात आधी ‘मंजूर’ म्हणाले. मामांनी पुस्तकांचे गठ्ठे बांधले, सुतळीने, आणि जिन्याखाली आणून ठेवले. सोमवारी रद्दीचा टेम्पो येणार होता. मी वर टेबलाची जागा खडूने आखूनसुद्धा ठेवली.

शनिवारी दुपारी खाली आले तर मामा एक गठ्ठा सोडून बसलेले. दोन पुस्तकं काढली, कापडी पिशवीत घातली, गठ्ठा पुन्हा बांधला आणि सायकलकडे निघाले.

माझ्या डोक्यात पहिली गोष्ट काय आली सांगू? मथळा. ‘वाचनालयाची पुस्तकं जातात कुठे?’

“मामा, पिशवीत काय आहे?”

ते थांबले. पिशवी उघडून दाखवली. दोन तेलुगू पुस्तकं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “चला. हितंच हाय. दोन गल्ल्या.”

सायकल हातात धरून ते पुढे, मी मागे.

घराच्या पुढच्या खोलीत कधीकाळी माग होता. फरशीत त्याचे नट अजून रुतलेले. तिथे पाच बायका गोल करून बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. विड्या वळत होत्या. मधे भिंतीला टेकून एक म्हातारी, पाय लांब केलेले, गुडघ्यांवर फडकी बांधलेली. तिच्या मांडीवर सूप नव्हतं. पुस्तक होतं. ती मोठ्याने वाचत होती आणि पाच जणींचे हात तिच्या आवाजाबरोबर चालत होते. एका ठिकाणी तिने आवाज बारीक केला आणि दहाच्या दहा हात थांबले. एक जाडजूड बाई वैतागली, “अव्वा, इतकं रंगवून वाचू नगा हो. माज्या इड्या भरत न्हाईत.”

अव्वाने मामांनी आणलेली पुस्तकं घेतली, चाळली. “हे झालं की रे. हे पण झालं. दोनदा झालं.”

“आज हेच घावलं,” मामा म्हणाले. “बाकी बांधल्यात.”

“कोण बांधलं?”

मामा दाराच्या चौकटीकडे बघू लागले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

“मी,” मी म्हटलं. “मी यादी केली. कुणी वाचत नाही म्हणून.”

त्या पाच जणी अशा हसल्या की सुपातली पानं उडाली. “कुणी वाचत न्हाई? मग आमी इतकी वर्षं काय भजन करतोय काय, बाई?”

अव्वा हसली नाही. तिने मला शेजारी बसायला सांगितलं. बसल्यावर माझ्या नाकात तो वास शिरला. तोच, पुस्तकांचा.

“ह्यांना अक्षर येत नाही,” ती म्हणाली. “लेकरं मराठी शाळेत गेली, नातवंडं इंग्रजी. ह्या गल्लीत तेलुगू वाचणारी मी एकटी उरले. बोटं माझी कधीच गेली, विडी वळता येत नाही. तरी ह्या मला रोज मधे बसवतात. का? वाचते म्हणून. पुस्तक नसलं तर मी इथं कोण? भिंतीला टेकलेली म्हातारी.”

माझ्याकडे नेहमी मागण्या असतात, क्रमांक घातलेल्या. त्या दिवशी एकही नव्हती.

परतताना मामा बोलले. अव्वा पूर्वी स्वतः यायची, वर चढून. मग गुडघे गेले. नियम असा की सभासदाने स्वतः यायचं, दुसऱ्याच्या हाती पुस्तक द्यायचं नाही. तिचं सभासदत्व संपलं ते संपलंच. तेव्हापासून मामा नेतात. नोंद न करता, कारण नोंद करायची कुणाच्या नावाने?

“आणि ते ठिपके?”

“मेंढरांला आमी रंग लावतो, म्हाईत हाय न्हवं? कळप मिसळला की आपलं कंचं ते कळाय पायजे. मला तेलगू येतंय व्हय? अव्वाला कंचं नेलं, कितींदा नेलं, मला कसं कळायचं? मग येकदा नेलं की येक ठिपका. आपल्या शिक्क्याशेजारी. पानाच्या चंचीत कात असतोच.”

म्हणजे नोंद होती. दहा वर्षांची, चोख, कातानं केलेली. मी ती बघितली होती आणि पुढे ‘डाग’ लिहिलं होतं.

“पर ताई,” मामा थांबले, “कुटं बोलू नगा. बिगरनोंदीची पुस्तकं भाईर काढली म्हून मला काढत्याल. दीड वर्ष ऱ्हायलंय माजं.”

मी तशीच मॅडमकडे गेले. त्या एका कोशाच्या पाठीला चिंधी लावत होत्या. मी म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“मग सही का केलीत?”

“तू म्हणालीस, एक नोंद दाखवा. दाखवली असती. पुस्तकं वाचली असती आणि मामा गेला असता.” खळ सुकेपर्यंत त्यांनी पुस्तक दाबून धरलं. “पुस्तकं की मामा, असं होतं. मी मामा निवडला. तू काय केलं असतंस?”

मी टेबलावरचा एक कोरा कागद उचलला आणि अर्ज लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मुलींच्या टेबलासाठी समितीची जादा बैठक होती, वर, पुस्तकांच्या खोलीत. मी अर्ज नेला. दोन ओळींचा. यादी चुकली आहे, तेलुगू पुस्तकं त्यातून वगळावीत.

“वा!” मुख्याध्यापक म्हणाले. “फळ्यावर आमची इज्जत काढणारी बाई चूक कबूल करते. ह्याचं पत्रक काढा.”

“कारण काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी नोंदवही बघितली. पुस्तकं नाही बघितली.”

“म्हणजे वाचक आहेत? कोण?”

नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, पुस्तक नेतं कोण? मी अर्ज पुढे सरकवला. कारखानदार हसले. वाईट हसले नाहीत, थकल्यासारखे. “ताई, मी तेलुगूच. घरात तेलुगू बोलतो. पण मलाच लिपी येत नाही, बोला! कुणी वाचत नाही आता. आणा एक वाचक. मी स्वतः सुतळी सोडतो.”

मी अव्वाकडे पळत गेले. ती भडकली. “मी काय जत्रेतला पाळणा हाय का, बघायला?” मी म्हटलं, नाही अव्वा, पण उद्या टेम्पो आहे. ती काही वेळ गुडघे चोळत बसली. मग जाडजूड बाईला म्हणाली, “रिक्षा बघ.”

रिक्षा वाचनालयाच्या दारात आली. दोघींनी धरून अव्वाला आत आणलं आणि ती पहिल्या पायरीवर बसली. वर बघितलं. बावीस पायऱ्या.

“मी वर येत नाही,” तिने मोठ्याने सांगितलं. “ज्यांचे पाय चांगले हायत त्यांनी खाली या.”

समिती खाली आली. करणार काय? मी गठ्ठ्यातलं एक पुस्तक ओढून तिच्या हातात दिलं. तिने पदराने पुसलं, मधलंच पान काढलं आणि वाचू लागली. मला एक शब्द कळला नाही. मुख्याध्यापकांना नाही, अध्यक्षांना नाही. मी कारखानदारांकडे बघत होते. ते जिन्याचा कठडा धरून उभे होते. आधी हात खिशात घातला, मग काढला. मग एक पायरी खाली आले. आणखी एक. पेपर वाचणारे म्हातारे पेपर घेऊन दारात आले. पान संपलं आणि अव्वाने पुस्तक मिटलं.

“तर्वात?” कारखानदारांच्या तोंडून निघालं. मग काय झालं?

“पुढचं घरी,” अव्वा म्हणाली. “बायका खोळंबल्यात.”

सगळे हसले. अध्यक्षही हसले, पण ते अध्यक्ष होते. “अव्वा, पण पुस्तक तुम्हाला मिळतं कसं? वहीत तर काही नाही.”

मामा पेपर टांगायच्या घोड्याजवळ उभे होते. हातात कालच्या पेपरची काठी. ती त्यांनी घोड्यावर अडकवली, काढली, पुन्हा अडकवली.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे.

“मी देते,” मॅडम म्हणाल्या. “माझ्या सांगण्यावरून जातात पुस्तकं. नोंद करायची राहिली. ती चूक माझी.”

“किती वर्षं राहिली?”

“बरीच.”

अध्यक्षांनी मॅडमकडे बघितलं, मामांकडे बघितलं, सायकलच्या पिशवीकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, माझी खात्री आहे. “लेखी समज द्यावी लागेल,” म्हणाले. “आणि आजपासून नोंद.”

“द्या,” मॅडम म्हणाल्या.

कारखानदार वाकले आणि सुतळीला हात घातला. एक टोक ओढलं आणि अख्खा गठ्ठा मोकळा झाला. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच. मामांनी सगळ्या सुरगाठी मारल्या होत्या. टेम्पोत चढवताना पहिल्याच धक्क्याला पुस्तकं रस्त्यावर आली असती. रद्दीचे गठ्ठे असे कुणी बांधत नाही. मी रोज त्यांच्या शेजारून जात होते.

तेलुगूचं कपाट आता जिन्याखाली आहे, मामांच्या स्टुलाजवळ. वरच्या रिकाम्या जागेत मुलींचं टेबल आलं, माझ्या खडूच्या रेघेत बरोबर बसलं. अव्वाच्या सभासदत्वाचा अर्ज मी तिच्या घरी जाऊन भरला. तिला येता येत नसेल तर पुस्तक घरी पोचवायचं, असा ठराव झाला. ते काम स्वयंसेवक म्हणून माझ्याकडे. शनिवारी दुपारी जाते. पुस्तक दिलं की अर्धा तास बसते, एक सूप मांडीवर देतात, माझ्या विड्या बघून हसतात. मला तेलुगू अजून येत नाही. पण हात कुठे थांबणार ते कळायला लागलंय.

नोंद मी वहीत करते. मामा तरी ठिपका देतातच. “तुमची नोंद तुमच्याजवळ,” म्हणतात.

मॅडमना लेखी समज मिळाली. टपालाने नाही, अध्यक्षांनी हातात दिली. त्यांनी ती पुढून-मागून पूर्ण वाचली, त्यावर आवक शिक्का मारला आणि वहीत नोंद करून फायलीला लावली. त्याच फायलीत माझी यादी आहे. एकदा मी म्हटलं, मॅडम, तो शेरा तरी खोडू द्या मला. लाज वाटते.

“दाखल झालेला कागद आहे,” त्या म्हणाल्या. “राहू दे तसाच.”